मास्तरांच्या नातवाचं ऐकलंत का?

अहो वहिनी, जरा इकडे कुंपणाशी या. दूध ठेवलंय? मग गॅस बारीक करून या, ही गोष्ट घाईची नाही. अन् हळू बोला बाई, आमचे हे ओसरीवर पेपर वाचताहेत. पेपर नावाला, कान सगळे इकडेच.

ऐकलंत का, मास्तरांच्या घरात काल दुसरी चूल मांडली. हो! धाकट्या सुनेनं. परवापर्यंत एका ताटात जेवणाऱ्या दोघी जावा, अन् आता एकीची बादली विहिरीतून निघाल्याशिवाय दुसरी अंगणात पाय ठेवत नाही. कारण काय, तर थोरलीचा मुलगा. तोच तो, सौंसरला कॉलेजात जातो, ज्याला गावातले पोट्टे ‘बहादूर’ म्हणून हाका मारतात. आधी चिडवायला मारत होते. आता चिडवायची कोणाची टाप नाही.

चोरीचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. यंदा आंबिया बहार कसा आला होता, झाडं नुसती वाकली होती. अन् वरच्या गल्लीतल्या आजींचा बगीचा, तोही तोडाईच्या आदल्या रात्री... माणूस गेल्यापासून ती बाई त्या झाडांवरच जगते. व्यापाऱ्याचा इसार घेऊन बसलेली. सकाळी पाहते तर बांधाकडच्या दोन ओळी साफ, खाली नुसता पाला. आजी रडली नाही म्हणे. बांधावर बसली अन् व्यापाऱ्याला कसं तोंड दाखवू, एवढंच म्हणत राहिली.

मग संशय कोणावर जायचा? नेहमीचाच! नाल्याकाठी पालं टाकून राहिलेत ना ते तोडाईवाले, तामियाकडून आलेली गोंड माणसं, त्यांच्यावर. दिवसभर संत्री तोडतात, म्हणजे रात्रीही तेच तोडत असणार, असा आपल्या गावचा हिशेब. टपरीवर त्यांच्यातल्या एका तरुण मुलाला दोन थपडा बसल्या. कोणी मारल्या ते मी सांगत नाही, तुम्हीही विचारू नका, सगळ्यांनी पाहिलंय. ठेकेदारानं आठवड्याची मजुरी अडवली ती वेगळीच. चोर सापडेपर्यंत पैसे नाही, म्हणाला. लेकरंबाळं घेऊन आलेली माणसं, जातील कुठं?

तर काय सांगत होते... हां, बहादूर.

त्याचं मूळ मास्तरांच्या पेटीत आहे. लोखंडी पेटी, वर गाद्या रचलेल्या असतात ती. मास्तर तरुणपणी इंद्रजाल कॉमिक्स घ्यायचे हो! टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी 1964 साली काढलं, तेव्हा 60 पैशांना मिळायचं. नागपूरहून छोट्या लाइनच्या गाडीत बसताना एक अंक घ्यायचा अन् आपलं रामाकोना येईस्तोवर वाचून संपवायचा, असा त्यांचा नेम. ती गाडी 2015 साली बंद झाली, मोठी लाइन आली, इंद्रजाल तर 1990 सालीच बंद पडलं, पण मास्तरांनी एक पान रद्दीत घातलं नाही. मास्तरीणबाई असताना म्हणायच्या, माझ्या साड्यांना कपाट नाही अन् या वेताळाला पेटी!

मास्तर वेताळाचे भक्त. जंगलात कवटीची गुहा, बोटात कवटीची अंगठी, बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो अन् लोकांना वाटतं हा मरतच नाही. सुट्टीत नातवाला वाचायला दिला. नातू म्हणतो, ‘‘आबा, हा एकटाच सगळ्यांना वाचवतो. जंगलातली माणसं काय करतात?’’ मास्तर म्हणाले, ‘‘त्याची वाट पाहतात.’’ पोरगा म्हणाला, ‘‘आपल्या बगीच्यात तो यायचा नाही ना पण!’’ मास्तरांचं तोंड असं झालं... पन्नास वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता.

मग पेटीच्या तळाशी बहादूर सापडला. आबिद सुरती यांनी काढलेला हिरो, डिसेंबर 1976 मध्ये इंद्रजालात आला. आता याचा ड्रेस ऐका, मुखवटा नाही, चड्डीवर चड्डी नाही, केशरी कुर्ता अन् जीन्स. गाव जयगढ, डाकूंचा मुलूख. बाप भैरवसिंग स्वतःच डाकू, अन् तो पोलिसांच्या गोळीनं मेला. पोरगा सूड घ्यायला निघाला, विशाल नावाच्या त्या पोलीस अधिकाऱ्याच्या जिवावर उठला. पुढे बापानं कोणाकोणाची घरं उजाड केली ते कळलं अन् हात खाली आला. तोच विशाल त्याला मग बापाच्या जागी झाला. आता बोला! ज्यानं बाप मारला त्याच्या पाया पडायचं की बापाची आठवण काढायची? वेताळाला असले प्रश्न कधी पडले नसतील बाई. त्याचे चाचे समुद्रातून यायचे, परके. बहादूरचा चाचा घरातच.

अन् हळूच सांगते, त्याची ती बेला होती ना, कराटेवाली, ती लग्न न करताच त्याच्याकडे राहायची म्हणे! त्या काळी! मी मास्तरांना विचारलं, हे लेकरांच्या पुस्तकात चालायचं? तर मास्तर चष्मा पुसायला लागले. म्हणाले, मी मारामारीची पानं वाचायचो. बरं!

तर काय सांगत होते... बहादूरचं मोठेपण म्हणाल तर मारामारीत नाही. त्यानं नागरिक सुरक्षा दल काढलं. गावातल्याच माणसांना शिकवायचं, पहारा तुम्ही द्या, डाकू आला तर पळू नका, एकत्र उभे राहा. मास्तरांच्या नातवानं हेच उचललं. आठ-दहा पोट्टे जमवले, टॉर्च, शिट्ट्या, काठ्या घेतल्या, अन् त्या दलात त्यानं तोडाईवाल्यांतले दोघेही घेतले. गावात केवढी कुजबुज! चोरांनाच पहाऱ्याला ठेवलं म्हणून. तो म्हणाला, ‘‘ज्यांच्यावर आळ आहे त्यांना चोर सापडायची घाई सगळ्यात जास्त.’’ आहे की नाही डोकं?

अन् वहिनी, चोर सापडला. चौथ्या की पाचव्या रात्री. पिकअपच्या चाकांचा माग काढत पोट्टे गेले ते थेट गावाबाहेरच्या एका गोठ्याशी. कडब्याखाली संत्र्यांचे कॅरेट, अन् कॅरेटवर आजींच्या बगीच्याचा निळ्या रंगाचा पट्टा. गोठा कोणाचा? अहो, मास्तरांच्याच धाकट्या मुलाचा. सख्ख्या काकाचा!

नाही नाही, मोठ्यानं नका बोलू!

पोरगा रात्री घरी आला अन् अंगणातच बसून राहिला. आई विचारते तर बोलेना. थोरलीनं स्वतः मला सांगितलं, रडत. काकानंच त्याला सायकल शिकवली, कॉलेजची पहिली फी काकानंच भरली. गप्प बसावं तर नाल्याकाठच्या माणसांचे आणखी हाल. कोणी म्हणत होतं त्यांची पालं उठवा. बोलावं तर काका आत जाणार, घर फुटणार, काकूची पोरगी लग्नाची. गोटमारीच्या दगडफेकीत कसं, एकतर तुम्ही पांढुर्ण्याचे नाहीतर सावरगावचे, मध्ये जाम नदी, दगड कुठून येणार ते ठाऊक असतं. या पोराला मात्र दोन्ही काठ आपलेच.

मग मास्तरांनी काय केलं? रागावले? नाही. त्याला जवळ बसवलं अन् खऱ्या डाकूंची गोष्ट सांगितली. आपल्या मध्य प्रदेशातलीच, चंबळची. मास्तर तेव्हा लहान होते. मे 1960. आपले पवनारचे विनोबा पायी फिरत भिंड-मुरैनाकडे गेले. आधी त्यांना पत्र आलं होतं तहसीलदारसिंगचं, मोठा डाकू मानसिंग, त्याचा हा मुलगा, नैनीच्या तुरुंगात फाशीची वाट पाहणारा. त्याला मरण्याआधी विनोबांना भेटायचं होतं. विनोबा गेले, अन् खोऱ्यांतून वीस जण बंदुका घेऊन आले, त्यांच्या पायाशी ठेवल्या. सगळ्या देशात केवढी वाहवा!

पण एक माणूस नाराज. मध्य प्रदेश पोलिसांचे प्रमुख के. एफ. रुस्तमजी. हेही आपल्याकडचेच बरं का, 1916 साली कामठीला जन्मलेले. आपल्या कन्हानचंच पाणी पुढे कामठीवरून जातं, म्हणजे शेजारीच की! त्यांचं म्हणणं, आमच्या शिपायांनी जीव घातले अन् हार डाकूंच्या गळ्यात? त्यांच्याच वेळी, 1959च्या नोव्हेंबरात, खरा गब्बरसिंग मारला गेला होता. सिनेमातला नव्हे हो, खरा. गावकऱ्यांची नाकं कापायचा. नाक गेलेली माणसं गावोगाव फिरत होती अन् इकडे डाकूंना टिळे लागताहेत, रुस्तमजींना कसं सहन व्हावं? पुढे हेच सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख झाले.

मास्तर म्हणाले, ‘‘विनोबांनी कोणाला सोडवलं नाही. खटले चालले, शिक्षा झाल्या. पण स्वतःहून समोर आलेला माणूस अन् पकडून आणलेला माणूस, यात फरक असतो.’’ पुढे 1972च्या एप्रिलमध्ये जयप्रकाश नारायणांपुढे माधोसिंग, मोहरसिंग हे डाकू आले, त्यांच्यामागून शेकड्यांनी आले, ते याच वाटेनं.

पोरगा म्हणाला, ‘‘मग आबा, बरोबर कोण? विनोबा की रुस्तमजी?’’

मास्तर गप्प! ज्यांनी अख्खं गाव बाराखडी शिकवून काढलं, ते गप्प. मग एवढंच म्हणाले, ‘‘तुझ्या काकाला सकाळपर्यंत वेळ दे.’’

अन् दिला. पहाटे पोरगा काकाच्या दारात उभा. म्हणाला, ‘‘काका, तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन. दुपारपर्यंत थांबतो.’’ काकूनं आतून ऐकलं. तिचं तोंड कसं झालं असेल, विचार करा. आधी तिनं यालाच बोल लावले, खाल्ल्या मिठाला जागला नाहीस म्हणाली. काका म्हणाला, पुरावा काय? मग म्हणाला, व्यापाऱ्याचं कर्ज होतं. मग म्हणाला, सगळेच करतात. वहिनी, माणूस एका दारात उभा राहून तीन वेळा बदलला.

दुपारी मारुतीच्या पारावर बैठक. कोणीतरी म्हणालं, उगीच वाद नको, सगळे जामसावळीला चला, मारुतीपुढे शपथ घ्या. तुम्हाला माहीतच आहे, त्या निजलेल्या मारुतीपुढे खोटं बोलायची आपल्याकडे हिंमत नाही कोणाची. दूरदूरहून लोक येतात तिथे आपली पीडा घेऊन. सगळे ‘चला, चला’ म्हणाले. काका म्हणाला, माझा गुडघा दुखतो. बस्स! सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. धाकटीचा पदर तोंडावर. मास्तर खाली मान घालून. अन् पोरगा उठला, काकाशेजारी जाऊन उभा राहिला, समोर नाही हो, शेजारी, अन् म्हणाला, ‘‘काका सांगताहेत.’’

अन् काकानं सांगितलं.

मग गावाची दोन गावं झाली. आमचे हे पोलीस ठाण्याच्या बाजूचे. कायदा म्हणजे कायदा, आज सोडलं तर उद्या बगीचा राहणार नाही कोणाचा, म्हणे. सरपंचांच्या ओट्यावरचे म्हणाले, घरचं घरात मिटवा, नवा पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून कचेऱ्यांच्या चकरा काही कमी झाल्या नाहीत, कशाला रिपोर्ट? पैसे भरा, पाया पडा, संपलं. दोन्हीकडच्यांनी पोरालाच विचारलं, तू सांग बहादूर, काय करायचं? जणू कुर्त्याच्या खिशात निकाल घेऊनच आलाय तो!

पोरगा म्हणाला, ‘‘मी कोण सांगणारा? संत्री आजींची आहेत.’’

सगळे आजींकडे वळले. काका गेला, वाकला, पैशांचं पाकीट ठेवलं. आजीनं पाकीट घेतलं, थुंकी लावून मोजलं, मोजलं हो, एकेक नोट! मग म्हणाली, ‘‘माहे संत्रे गेले, माहे पैसे आले. माहा हिशेब झाला. रिपोर्ट नोको मले. पर थापड त्या पोरानं खाल्ली, मजुरी त्याइची अडली. त्याइले कोणी इचारलं का, माफ करता का म्हून?’’

वहिनी, पारावर पान हललं नाही. थपडा मारणारा समोरच बसला होता, तो चपला शोधायला लागला. ठेकेदाराचा फोन वाजला, खरंच वाजला की त्यानं वाजवला, देव जाणे. अन् तोडाईवाले? ते पाराजवळ नव्हतेच. त्यांना बैठकीला कोणी बोलावलंच नव्हतं. आपण त्यांच्यावरच्या आळाचा निकाल लावत होतो अन् ते बिचारे बगीच्यात आपलीच संत्री तोडत होते.

मला तेव्हा कळलं बाई, मास्तर का गप्प बसले ते. विनोबांकडे दया होती, रुस्तमजींकडे कायदा होता. दोघेही मोठी माणसं, दोघांचंही खरं. पण ज्याचं नाक गेलं, त्याला कोणी विचारलं होतं का? माफी द्यायची तर त्यानं, शिक्षा मागायची तर त्यानं. हिरोचं काम एवढंच, की त्याला बोलायला जागा मोकळी करून द्यायची अन् गर्दीला जरा थांबवून धरायचं. मास्तरांच्या नातवानं ते केलं. काकाला त्यानं लपवला नाही अन् लोकांच्या हातीही दिला नाही. याहून जास्त त्या जयगढच्या बहादूरनं तरी काय केलं?

अन् ज्यांनी बहादूर काढला ते आबिद सुरती, त्यांचं ठाऊक आहे ना? बाहत्तराव्या वर्षी, 2007 साली, त्यांनी मुंबईकडे मीरा रोडला दारोदार फिरून गळके नळ फुकट दुरुस्त करायला सुरुवात केली. साहित्याचं एक लाखाचं बक्षीस मिळालं होतं, ते त्यातच घातलं. सेकंदाला एक थेंब गळला तरी महिन्याला कितीतरी पाणी वाया जातं म्हणे. दर रविवारी एक प्लंबर सोबत, एक मदतनीस बाई, अन् आधी बेल वाजवून विचारायचं, नळ गळतो का? पहिल्या वर्षात चारशेच्या वर नळ दुरुस्त. डाकू नाही, बंदूक नाही, वॉशर! मी मास्तरांना म्हटलं, बघा, तुमच्या वेताळानं कधी बेल वाजवली का? मास्तर हसले. त्या बैठकीपासून पहिल्यांदा हसले.

धाकटीचं म्हणाल तर तिची चूल काही आज-उद्या एक व्हायची नाही. तिचं म्हणणं, पोरानं घराचं नाक कापलं. थोरली म्हणते, नाक तर भाऊजींनीच कापलं होतं, माझ्या पोरानं फक्त आरसा दाखवला. दोघीही माझ्याकडेच येऊन सांगतात, मी काय करू? मी दोघींनाही चहा देते. काका मात्र काल संध्याकाळी पहाऱ्याच्या पोट्ट्यांजवळ येऊन उभा होता म्हणे. पोरगा काही बोलला नाही, एक टॉर्च त्याच्या हातात दिली. आता हे योग्य की अयोग्य, यावर आमच्या ह्यांचं अन् माझं रात्री बाराला भांडण. मी म्हटलं, दलात घेतलाय, तिजोरीवर नाही बसवलाय!

पण वहिनी, मूळ गोष्ट राहिलीच आहे अजून. आजीनं विचारलं त्याला चार दिवस झाले. ठेकेदारानं मजुरी दिली खरी, पण अडवलेल्या आठवड्याची अर्धीच. अन् ज्या पोराला थपडा बसल्या, त्याच्या पालाशी गावातलं एक माणूस गेलेलं नाही. मास्तरांचा नातू गेला होता, पण चूक त्याची नव्हती, त्यानं जाऊन काय उपयोग? मारणारा घरात तोंड लपवून बसलाय. त्याची आई आपल्याच भजनी मंडळात आहे, कोण ते तुम्हाला कळलंच असेल.

तोडाई संपत आली. दोन-चार दिवसांत ती माणसं पुढच्या गावी जातील अन् रामाकोन्याचं नाव काढून काय सांगतील ते वेगळं सांगायला नको. तर आज आरती झाली की तुम्ही चला माझ्यासोबत. त्या बाईच्या घरी जाऊ, तिला म्हणू, मुलाला घेऊन नाल्याकाठी चल, आम्ही येतो बरोबर. अन् ठेकेदाराकडे आमच्या ह्यांना पाठवते, कायदा कायदा करतात ना, करू दे आता! उरलेली मजुरी हिशेबानं त्या माणसांच्या हातात पडली पाहिजे.

जा, दूध बघा तुमचं. साडेसहाला तयार राहा.